पडद्यासमोरच्या माणसालाही विचारा

टेलिप्रेझेन्स रोबो म्हणजे दुरून चालवता येणारा, चाकांवरचा व्हिडिओ कॉल. त्याचं प्रात्यक्षिक सहसा फसत नाही. मार्गिका मोकळी असते, फरशी कोरडी असते, वाय-फायचा डबा डोक्यावरच असतो. कंपनीचा माणूस दुसऱ्या खोलीत लॅपटॉप उघडून बसतो आणि चाकांवरचा पडदा डुलत डुलत येऊन "नमस्कार" म्हणतो. मग पाहुण्यांपैकी कुणाला तरी लॅपटॉपपुढे बसवतात, पाच मिनिटं चालवायला देतात आणि एक कागद पुढे करतात: कसं वाटलं, एक ते पाच गुण द्या. त्याला छानच वाटलेलं असतं. रिमोटची गाडी हातात आल्यावर कुणाला वाईट वाटतं? तोच कागद पुढे 'वापरकर्त्यांचा अनुभव' म्हणून खरेदी समितीच्या टेबलावर जातो.

त्या कागदावर पलंगावरच्या रुग्णाचं मत नसतं. दारात अडकलेला रोबो ओढून काढणाऱ्या मावशींचं नसतं. वर्गात शिकवता शिकवता त्याची बॅटरी बघायची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडते, त्या बाईंचंही नसतं. या यंत्राचा अनुभव दोन टोकांना येतो. एका टोकाला चालवणारा: डॉक्टर, घरी आजारी असलेला विद्यार्थी, परगावी राहणारा मुलगा. दुसऱ्या टोकाला खोलीतली माणसं. चालवणारा आपणहून बसतो. खोलीतल्या बहुतेकांनी रोबो मागितलेला नसतो, तो त्यांच्यापुढे येऊन उभा राहतो. म्हणून सार्वजनिक पैशातून असा रोबो घ्यायचा की नाही हे ठरवताना दुसऱ्या टोकाच्या मताला निदान अर्धं वजन हवं, आणि तेही पहिल्या दिवसाच्या मताला नाही, सहाव्या आठवड्यातल्या.

यंत्र म्हणून यात गूढ काही नाही. खाली मोटर आणि बॅटरी असलेला चाकांचा तळ, त्यावर खांब, खांबावर पडदा, कॅमेरा, मायक्रोफोन, स्पीकर. व्हिडिओ कॉलला चाकं लावली की झालं. 'टेलिप्रेझेन्स' ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांनी १९८० मध्ये 'ऑम्नी' मासिकात मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे दुरून काम करणारे हात होते, अणुभट्टीसारख्या धोक्याच्या जागी माणसाऐवजी जाणारे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रोबोंना हातच नाहीत; साधं दार उघडायचं तर कुणाला तरी हाक मारावी लागते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत एरिक पॉलोस आणि जॉन कॅनी यांनी चाकांवरचा चेहरा करून पाहिला. पुढच्या दशकांत डबल, बीम, व्हीगो, स्वीडनचा जिराफ असे रोबो आले. रुग्णालयांसाठी आयरोबॉट आणि इनटच हेल्थ यांनी केलेल्या आरपी-व्हिटाला जानेवारी २०१३ मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. २०१४ मध्ये अमेरिकेची गुप्त पाळत उघड करणारे एडवर्ड स्नोडेन रशियात बसून बीमवरून व्हँकुव्हरच्या टेड परिषदेच्या मंचावर आले आणि हे यंत्र जगाला माहीत झालं. पण तेही प्रात्यक्षिकच होतं: सपाट मंच, चोख जोडणी आणि खुर्चीत बसलेले उत्सुक श्रोते.

चालवणाऱ्याला जे वाटतं त्यावरून रोबोची किंमत का करू नये, याचा पुरावा या क्षेत्रातल्या संशोधनातच आहे. आयरीन रे, बिल्गे मुतलू आणि लीला ताकायामा यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या प्रयोगात चाकं असल्याने चालवणाऱ्याची 'मी तिथेच आहे' ही भावना वाढली, पण काम मात्र घसरलं. म्हणजे 'तिथे असल्यासारखं वाटलं' याला पाचपैकी पाच मिळतील आणि तरीही ज्यासाठी रोबो आणला ते काम साध्या स्थिर पडद्यापेक्षा वाईट होईल. रे यांच्याच २०१३ च्या अभ्यासात रोबो समोरच्या माणसापेक्षा बुटका असला आणि त्यावरून बोलणारा नेतृत्वाच्या भूमिकेत असला की त्याचं म्हणणं समोरच्याला कमी पटत होतं. चालवणाऱ्याला याचा पत्ता कसा लागणार? त्याच्या खिडकीत त्याचा स्वतःचा चेहरा नेहमीसारखाच दिसतो. आणि २०११ मध्ये मिन क्यंग ली व ताकायामा यांनी असे रोबो रोजच्या कामात वापरणाऱ्या कार्यालयांचा अभ्यास केला, तेव्हा निघाले ते शिष्टाचाराचे प्रश्न. रोबोला हात लावावा का? त्याचा आवाज मोठा वाटला तर परस्पर कमी करावा का? चालवणाऱ्याला तो स्वतःचा देह वाटतो, खोलीतल्याला ते सामान वाटतं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आता मोजमापाच्या साधनांकडे येऊ, कारण घोडं इथेच पेंड खातं. बहुतेक अहवालांत दोन प्रश्नावल्या दिसतात. पहिली एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल), एखादी प्रणाली वापरायला किती सोपी हे मोजणारी, जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली. दहा विधानं, प्रत्येकाला एक ते पाच. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून एक वजा करायचा, सम क्रमांकाच्या विधानांचे गुण पाचातून वजा करायचे, बेरजेला अडीचने गुणायचं. उत्तर शून्य ते शंभरच्या दरम्यान येतं आणि सरासरी साधारण ६८ धरतात. चालवणाऱ्यासाठी ही प्रश्नावली उत्तम आहे. रुग्णासाठी नाही. तिचं पहिलंच विधान 'ही प्रणाली मला वारंवार वापरायला आवडेल' अशा अर्थाचं आहे. अतिदक्षता विभागात पडलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे थट्टाच. शिवाय रुग्ण काही 'वापरत' नाही. त्याच्यावर ते वापरलं जातं. दुसरी नासा-टीएलएक्स, कामाचा भार मोजणारी, सँड्रा हार्ट आणि लॉवेल स्टेव्हलंड यांची, १९८८ ची. बौद्धिक ताण, शारीरिक ताण, वेळेचा ताण, कामगिरी, कष्ट आणि वैताग अशा सहा पट्ट्यांवर खुणा करायच्या. हिच्यात एक जुना सापळा आहे. पाच पट्ट्यांवर डावीकडे 'कमी' आणि उजवीकडे 'जास्त' असतं, पण कामगिरीच्या पट्टीवर डावीकडे 'चांगली' आणि उजवीकडे 'वाईट'. घाईत भरणारा माणूस हमखास उलटी खूण करतो आणि सरासरी गढूळ होते. ही पट्टी वेगळ्या कागदावर द्यावी, किंवा खूण केल्यावर तोंडी विचारून खात्री करावी. आणि टीएलएक्स फक्त डॉक्टरकडून न भरून घेता त्या वॉर्डाच्या परिचारिकेकडूनही भरून घ्यावी. दोघांच्या आकड्यांतला फरक हेच खरं उत्तर असतं: डॉक्टरचे कष्ट कमी झाले, पण ते गेले कुठे?

सरकारी रुग्णालयातल्या रुग्णाला मत विचारणं आणखी अवघड. "कसं वाटलं?" असं पांढऱ्या कोटातल्या कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "छान आहे, साहेब." त्यात खोटेपणा नसतो, अंगवळणी पडलेली सावधगिरी असते. म्हणून मत विचारू नये, घडलेलं विचारावं, आणि विचारणारा ना कंपनीचा असावा ना त्या वॉर्डातला. तीन प्रश्न पुरतात. डॉक्टर काय म्हणाले, ते तुमच्या शब्दांत सांगा. ते बोलत होते तेव्हा आणखी कोण कोण ऐकत होतं? मधेच बोलणं थांबवायचं असतं तर तुम्ही काय केलं असतं? पहिल्या उत्तरातून आवाज आणि भाषा कळते, दुसऱ्यातून खासगीपणा, तिसऱ्यातून त्या खोलीत सत्ता कुणाकडे होती ते. प्रश्न तोंडी, रुग्णाच्या बोलीत, भेटीनंतर तासाभराच्या आत विचारावेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरने खरोखर जे सांगितलं त्याच्याशी ताडून बघायचं. औषधाचं नाव, मात्रा, पुढची तारीख, तीनपैकी किती पोचलं एवढं लिहिलं की झालं.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण चित्र अडखळलं तर माणसं सोसतात, आवाज अडखळला की संभाषण संपतं. रोबोचा स्पीकर आणि मायक्रोफोन एकाच खांबावर, हातभर अंतरावर असतात. डॉक्टरचा आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून आत प्रतिध्वनी पुसणारी यंत्रणा असते. दोघं एकाच वेळी बोलू लागले की यातल्या कित्येक यंत्रणा खोलीतला आवाज दाबतात. डॉक्टर बोलत असताना रुग्ण क्षीण आवाजात म्हणतो, "नाही हो, ती गोळी मला चालत नाही," आणि ते वाक्य त्या गाळणीत विरून जातं. डॉक्टरला काहीच ऐकू आलेलं नसतं, त्यामुळे तो पुढे बोलत राहतो. रुग्णाला वाटतं, ऐकूनही दुर्लक्ष केलं. छतावरच्या पंख्याची घरघर कमी करणारी यंत्रणा दम लागलेल्या माणसाचा श्वासमिश्रित आवाजही घरघरीत धरू शकते. याची चाचणी सोपी आहे. चालवणाऱ्याने एक परिच्छेद सलग वाचायचा. पलंगावर झोपलेल्या माणसाने मधेच, कुजबुजीपेक्षा थोड्या वरच्या आवाजात, चिठ्ठीवरचे तीन शब्द म्हणायचे. पंखा पूर्ण वेगात, खिडकी उघडी. असं दहा वेळा करून चालवणाऱ्याने ऐकलेले शब्द लिहायचे. तीसपैकी किती आले हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात नसतो आणि रुग्णालयासाठी तोच सगळ्यात मोलाचा. उलट बाजूची अडचण अशी की चालवणाऱ्याला स्वतःचा आवाज खोलीत किती मोठा येतो हे कळतच नाही. तो आपल्या घरी हळू बोलतो आणि इकडे शेजारच्या चार पलंगांना निदान ऐकू जातं. खोलीतल्या आवाजाची पातळी चालवणाऱ्याच्या पडद्यावर दिसते का, हे आधी बघावं. दिसत नसेल तर आवाजाचं बटण परिचारिकेच्या हाती हवं.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये मार्च २०१९ मध्ये जे झालं ते या संदर्भात प्रत्येक खरेदी समितीने वाचायला हवं. अतिदक्षता विभागातल्या एका वृद्ध रुग्णाला, आता फार दिवस उरले नाहीत, हे पडद्यावरच्या डॉक्टरने सांगितलं. कुटुंब संतापलं, बातमी जगभर गेली, आणि चर्चा झाली ती 'अशी बातमी यंत्राने द्यावी का' या मोठ्या प्रश्नावर. बातम्यांमधला एक लहान तपशील मात्र निसटला. त्या गृहस्थांना एका कानाने नीट ऐकू येत नव्हतं, यंत्र त्याच बाजूला उभं होतं आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ते जाऊ शकत नव्हतं. त्यामुळे डॉक्टरचे शब्द नातीने त्यांना पुन्हा सांगितले. म्हणजे आजोबांना त्यांच्या मरणाची बातमी शेवटी कुणी दिली? तांत्रिक नोंदवहीत त्या कॉलपुढे 'यशस्वी' असंच लिहिलं गेलं असणार: जोडणी टिकली, चित्र आलं, आवाज गेला. डॉक्टर चालत आला असता तर दोन पावलं टाकून दुसऱ्या कानाशी वाकला असता. त्या दोन पावलांची जागा पलंगाभोवती आहे का, हे मोजपट्टी घेऊन बघण्याचं काम आहे.

मोजपट्टीवरून आठवलं, विलंब. दूरध्वनी संभाषणासाठी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) जी.११४ ही शिफारस आहे: एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेकांना जाणवत नाही, ४०० च्या पुढे जाऊ नये. रोबोत हा विलंब बोलण्यापुरता राहत नाही, चाकांतही उतरतो. रोबो सेकंदाला ६० सेंटिमीटर वेगाने चालला आहे आणि चित्र यायला व आज्ञा जायला मिळून अर्धा सेकंद लागतो, तर 'थांब' म्हटल्यावरही तो ३० सेंटिमीटर पुढे जाणार. त्यात माणसाला दचकायला लागणारा वेळ धरलेलाच नाही. दोन पलंगांमधल्या बोळात ३० सेंटिमीटर म्हणजे सलाईनचा स्टँड. याच कारणाने डबल ३ सारख्या नव्या रोबोंत चालवणारा बाण दाबत बसत नाही, जमिनीवरच्या एका जागेवर टिचकी मारतो आणि अडथळे टाळत तिथे जाण्याचं काम रोबो आपल्या आपण करतो. विलंब मोजायला महागडं उपकरण लागत नाही. फोनवर स्टॉपवॉच चालू करून तो रोबोच्या कॅमेऱ्यापुढे धरा, चालवणाऱ्याचा लॅपटॉप शेजारीच ठेवा, दुसऱ्या फोनने दोन्ही पडद्यांचा एकच फोटो काढा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे चित्राचा विलंब. दहा फोटो काढून मधला आकडा आणि सगळ्यात वाईट आकडा, दोन्ही लिहा. सरासरीत वाईट क्षण लपतो. लॅपटॉपला मात्र रुग्णालयाचं इंटरनेट देऊ नका. डॉक्टर ज्या गावातून, ज्या मोबाईल डेटावरून बोलणार आहे, त्याच प्रकारची जोडणी द्या.

वाय-फायची गोम वेगळीच. वॉर्डात सगळीकडे सिग्नल 'येतो' याने काही सिद्ध होत नाही. रोबो चालत असतो, त्याला एका वाय-फाय डब्यावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते, आणि पुष्कळ उपकरणं पहिल्या डब्याचा मरतुकडा सिग्नल सोडायलाच तयार नसतात. रोबो लिफ्टजवळच्या वळणावर पोचतो, चित्र गोठतं, तो मार्गिकेच्या मध्यभागी थांबतो आणि मागून स्ट्रेचर येत असतं. मार्गिकेच्या टोकापासून टोकापर्यंत चालत जाऊन दर तीन-चार मीटरला सिग्नलची पातळी लिहावी. व्हिडिओसाठी साधारण उणे ६७ डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) कमजोर जागा धोक्याच्या समजाव्यात. पण त्याहून महत्त्वाचं, जोडणी तुटल्यावर पडद्यावर काय दिसतं? काही यंत्रांवर शेवटचं चित्र तसंच राहतं: अर्धवट मिटलेले डोळे, उघडं तोंड. समोरच्या म्हाताऱ्या बाईंना कळत नाही की डॉक्टर ऐकतायत, विचार करतायत की गेलेत. त्या बोलत राहतात. आपली दुखणी, सुनेची गाऱ्हाणी, सगळं एका गोठलेल्या चित्रापुढे. जोडणी तुटल्यापासून एक-दोन सेकंदांत रोबो थांबला पाहिजे आणि पडदा काळा होऊन मोठ्या मराठी अक्षरांत 'डॉक्टरांशी संपर्क तुटला आहे' असं दिसलं पाहिजे. निविदेत ही एक ओळ घालायला काही खर्च येत नाही.

परदेशी चाचणी-अहवाल इथे जसेच्या तसे का चालत नाहीत, तेही याच पातळीवर समजतं. तिथल्या चाचणीत रिकामी मार्गिका, रुंद दारं आणि लिफ्ट असते. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री नातेवाईक पलंगांच्या मधे जमिनीवर चटई टाकून झोपतात. अडथळे ओळखणारा लेझर संवेदक तळापासून वीतभर उंचीवर एकाच आडव्या पातळीत बघत असेल तर त्याच्या खाली असलेला झोपलेल्या माणसाचा हात त्याला दिसत नाही. दारातल्या चपला दिसत नाहीत. प्लॅस्टिकच्या स्टुलाचे बारीक पाय दिसले तर दिसतात, पण वरची बैठक आणि तिच्यावरचा डबा नाही. काचेच्या दारातून लेझर आरपार जातो, चकचकीत स्टीलवरून भलतीकडे परततो. पुसलेली ओली फरशी, दारातला दोन सेंटिमीटरचा उंबरा, एका पलंगावरून दुसऱ्याकडे गेलेली एक्स्टेंशन वायर. यातलं काही अपवादात्मक नाही, हीच रोजची परिस्थिती आहे, म्हणून चाचणीची वाटही अशीच आखली पाहिजे. उंबरा, एकास बारा उताराचा रॅम्प, ९० सेंटिमीटरचं दार, जमिनीवर गुंडाळलेली चादर आणि एक कापड भरलेला शर्टाचा हात. माणसाऐवजी चादर वापरायची हे वेगळं सांगायला नको.

याच चाचणीत मुख्य वीज बंद करून बघावं. रोबोला बॅटरी असते, वाय-फायच्या डब्याला नसते. जनरेटर सुरू झाल्यावरही डबा पुन्हा उभा राहायला काही मिनिटं घेतो, आणि तेवढा वेळ रोबो जिवंत पण मुका उभा असतो. डबे यूपीएसवर नसतील तर रोबोच्या अनुभवाचं मूल्यमापन करण्यात अर्थ नाही; ते वीजपुरवठ्याचं मूल्यमापन होईल.

मूल्यमापन करणाऱ्याने आणखी एक गोष्ट न लाजता करावी: पलंगावर आडवं व्हावं. उभ्याने बघितलं तर दीड मीटर उंचीचा पडदा बरोबर डोळ्यांसमोर येतो. झोपून बघितलं तर तोच पडदा वरून खाली बघणारा होतो, खिडकी मागे असेल तर चेहऱ्याऐवजी काळी आकृती दिसते, आणि कॅमेरा पडद्याच्या वर असल्याने डॉक्टरची नजर रुग्णाच्या डोळ्यांत न पडता छातीवर कुठेतरी पडते. खांब खाली घेता येतो का, पडदा खाली झुकतो का, दोन्ही बघावं. ही दोन मिनिटांची परीक्षा दहा पानी प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगून जाते.

शाळांच्या बाबतीत नॉर्वेतल्या नो आयसोलेशन कंपनीचा एव्ही-१ अभ्यासण्यासारखा आहे, कारण त्याच्या आखणीत दोन्ही टोकांचा विचार दिसतो. दीर्घ आजाराने घरी असलेल्या मुलासाठी वर्गातल्या बाकावर ठेवायची ही सुमारे २७ सेंटिमीटरची आकृती. तिला चाकं नाहीत आणि मुलाचा चेहरा दाखवणारा पडदाही नाही. मूल वर्ग बघतं, वर्गाला मूल दिसत नाही. उपचारांनी केस गेलेल्या मुलाला वर्गापुढे दिसायचं नसतं, एवढी साधी गोष्ट यामागे आहे. हात वर करायचा तर डोक्यावरचा दिवा लुकलुकतो. आज नुसतं ऐकायचंय, प्रश्न विचारू नका, असं सांगायचं तर दिवा निळा करता येतो. पण याच निर्णयाची दुसरी बाजू शिक्षकाला सोसावी लागते. पलीकडे मूल आहे की झोपलं, की आईवडील ऐकतायत, हे बाईंना कळत नाही. दोघांना वेगवेगळं विचारल्याशिवाय हा ताण कुठल्याच सरासरीत दिसणार नाही. आणि पन्नास-साठ मुलांच्या वर्गात तो प्रयोगशाळेत कोण नेणार, मधल्या सुट्टीत कोण सांभाळणार, रात्री चार्जिंगला कोण लावणार? ही नावं पहिल्याच दिवशी कागदावर आली नाहीत तर ते काम आपोआप वर्गशिक्षिकेच्या अंगावर पडतं.

टोक्योतल्या निहोनबाशी भागात २०२१ पासून कायमस्वरूपी चाललेल्या डॉन कॅफेत ओरिहिमे रोबोंमार्फत एएलएससारखे, स्नायू निकामी करत जाणारे आजार असलेली माणसं घरून, अंथरुणावरून ग्राहकांची सरबराई करतात आणि पगार घेतात. तिथे चालवणारा हाच कामगार आहे, म्हणून तिथल्या मूल्यमापनात पाळीचा थकवा आणि सुट्टी यांना पहिली जागा द्यावी लागेल. वजनकाटा जागेनुसार बदलतो, तो बदलला पाहिजे. प्रत्येक ठिकाणी तीच छापील प्रश्नावली फिरवणं हा आळस आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. जिथे मेंदूविकारतज्ज्ञच नाही, तिथे अडखळणारा का होईना, रोबो बरा नाही का? काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असावं! पण ही तुलनाच चुकीची आहे. रोबोची तुलना 'डॉक्टर नाही' याच्याशी करायची नसते, त्याच कामाच्या स्वस्त पर्यायाशी करायची असते. तो पर्याय म्हणजे चाकांच्या स्टँडवर टॅब्लेट आणि तो ढकलणारी परिचारिका. सरकारची दूरवैद्यकीय सेवा ई-संजीवनी हेच सिद्ध करते: आरोग्य केंद्रात रुग्णाजवळ आरोग्य कर्मचारी बसतो, पलीकडे डॉक्टर असतो, मधे साधा संगणक. तिथे रोबो लागत नाही. टॅब्लेट ढकलणारी परिचारिका त्याला दुसऱ्या कानाशी नेऊ शकते, जमिनीवर झोपलेल्याला ओलांडू शकते आणि "बाई, डॉक्टरांना ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा" असं म्हणू शकते. रोबोला या पर्यायापेक्षा काय जास्त जमतं? मध्यरात्री परिचारिका एकटी असताना डॉक्टरला स्वतःहून फेरी मारता येते, आणि संसर्गाच्या वॉर्डात माणसाचं आत जाणं टळतं. कोविडच्या काळात ही दुसरी गरज खरीच होती. भारतातल्या अनेक रुग्णालयांत तेव्हा रोबो उतरले, मध्य रेल्वेच्या मुंबई विभागानेही 'रक्षक' नावाचा रोबो तयार केला. पण तेव्हाचा निकष होता आत जाणं किती वेळा टळलं. साथ ओसरल्यावर तोच निकष लावून खरेदी करणं म्हणजे पावसाळा संपल्यावर छत्रीची निविदा काढणं.

तेव्हा चाचणी अशी व्हावी: दोन सारखे वॉर्ड, एकात रोबो, दुसऱ्यात स्टँडवरचा टॅब्लेट, सहा आठवड्यांनी अदलाबदल. दोन्हीकडे एक साधी वही. यंत्र अडलं की नोंद करायची: वेळ, जागा, कोण धावून आलं, किती मिनिटं गेली आणि ती व्यक्ती हातातलं कुठलं काम टाकून आली. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच गाळला जातो. इंजेक्शन भरता भरता उठून रोबोला दारातून सोडवलं असेल तर ती 'दोन मिनिटांची मदत' नसते. पहिल्या आठवड्याचे आकडे वेगळे ठेवायचे, कारण नव्याची नवलाई तेवढी टिकतेच; लोक फोटो काढतात, मुलं मागे धावतात, डॉक्टर मुद्दाम फेऱ्या मारतात. सहाव्या आठवड्यात कुणी न सांगता रोबो किती वेळा चालवला गेला हा आकडा बघायचा.

संमतीचा मुद्दा या सगळ्यात दबून जातो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाने स्वतः सल्ला मागितला तर संमती गृहीत धरता येते, पण सुरुवात डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने केली तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. रोबोची फेरी ही नेहमी डॉक्टरने सुरू केलेली असते. शिवाय त्याचा कॅमेरा वाटेतल्या प्रत्येक पलंगावरून फिरतो आणि त्या रुग्णांनी कुणालाच काही मागितलेलं नसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर याकडे डोळेझाक करणं परवडणार नाही. चालत असताना कॅमेरा फक्त जमिनीकडे बघेल आणि पलंगाशी थांबून "येऊ का?" असं विचारल्यावरच वर उठेल, अशी सोय मागता येते. चित्रीकरण सुरू असेल तर खोलीतल्यांना दिसेल असा लाल दिवा हवा, चालवणाऱ्याच्या पडद्यावर नव्हे, रोबोच्या अंगावर.

निविदेच्या अटींत यातलं बरंचसं दोन पानांत बसतं. विलंबाचा मधला आणि वाईट आकडा, तीसपैकी ऐकू आलेले शब्द, जोडणी तुटल्यावरचा मराठी संदेश, आवाजाचं बटण खोलीतल्यांच्या हाती, पडदा झोपलेल्याच्या नजरेला येईल इतका खाली. आणि पैसे एकरकमी देऊ नयेत. निम्मी रक्कम यंत्र बसवल्यावर द्यावी, उरलेली सहा आठवड्यांची वही तपासल्यावर. त्या वहीवर सही अधीक्षकांची असू द्या, पण तिच्या वर वॉर्डाच्या तिन्ही पाळ्यांतल्या परिचारिकांच्या सह्या हव्यात, आणि 'यंत्र परत न्यावे' असा एक रकाना छापलेला हवा.